द्राक्ष बागायतदारांचे अ‍ॅप कोठे ठेवावे: प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर की एफ-ड्रॉइड?

फवारणीची नोंदवही आणि बागायतदारांची आपसांतील चर्चा एकत्र देणारे अ‍ॅप नाशिकमध्ये कोणी तयार करत असेल, तर त्याने ते कोठे ठेवावे, हे केवळ शुल्कावरून ठरवू नये. गुगल एकदाच २५ डॉलर घेते, अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर घेते आणि एफ-ड्रॉइड, म्हणजे अँड्रॉइड फोनसाठीचे खुल्या सोर्स कोडच्या अ‍ॅपचे स्टोअर, काहीच घेत नाही.

सरकारी आदेश आल्यावर काय होते, ते आधी पाहावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार २९ जून २०२० रोजी ५९ अ‍ॅपवर बंदी आली आणि टिकटॉक भारतातील दोन्ही स्टोअरवरून दिसेनासे झाले, तरी इतर अनेक देशांत ते मिळतच राहिले. रशियात सप्टेंबर २०२१ मध्ये, संसदीय निवडणुकीच्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी, विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या समर्थकांचे अ‍ॅप गुगल आणि अ‍ॅपल या दोघांनीही तेथून काढले. त्यामुळे एकाऐवजी दुसरी कंपनी निवडल्याने या बाबतीत संरक्षण मिळेल, असे मानता येत नाही. स्टोअरवरून उतरलेले अ‍ॅप फोनमध्ये राहते, पण त्याचे अपडेट थांबतात आणि सुरक्षेतील त्रुटी तशाच राहतात.

एफ-ड्रॉइडवर सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅपचा मूळ प्रोग्रॅम, सर्वांसाठी खुला असावा लागतो, जाहिराती किंवा पाळत असल्यास तशी खूण केली जाते, आणि हवे तर स्वतःचे अ‍ॅप-भांडारही चालवता येते. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. परंतु एफ-ड्रॉइड प्ले स्टोअरवर मिळत नाही. ते घेण्यासाठी फोनमध्ये ‘अज्ञात अ‍ॅप’ची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवण्याची, परवानगी द्यावी लागते. ओझरच्या एका बागायतदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची बनावट एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप बसवणारी फाइल) हीच परवानगी देऊन उघडली, आणि काही वेळातच त्याच्या फोनवरचे ओटीपी भलत्याच माणसाच्या हाती गेले. ज्यांना आपण ‘अशी फाइल उघडू नका’ असे सांगतो, त्यांनाच ती परवानगी द्यायला शिकवणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून पहिली पसंती प्ले स्टोअरलाच द्यावी, एफ-ड्रॉइड जाणकारांसाठी सोबत ठेवावे, आणि निर्यातदारांकडे आयफोन असतील तरच अ‍ॅपलचा खर्च करावा. मात्र चर्चेचा भाग वेगळ्या अ‍ॅपमध्ये काढावा: एखाद्या मजकुरावरून आदेश आलाच, तर निर्यातीच्या ऐन हंगामात फवारणीची नोंदवही त्यासोबत उतरता कामा नये.