उद्यमनगरच्या कामाला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: घ्या, पण गणितासकट

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोलीकडच्या मशीन शॉपमध्ये हा कॅल्क्युलेटर घेण्यासारखा आहे. मोबाईलपेक्षा बरा, कारण तेलकट हातानेही बटण दाबता येतं, आणि सोलरला बॅटरीची जोड आहे. फाउंड्रीत वापर झाला की झाकण लावा. काळी माती बटणांत शिरली की संपलं.

हातात आला की आधी शिफ्ट, मोड, ३ दाबून अंश लावून घ्या. रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर प्रत्येक कोन चुकणार.

लेथवरच्या टेपरचंच, म्हणजे निमुळत्या दांड्याचंच बघा. ६० मिमी लांबीत व्यास ५० वरून ४० वर आणायचाय. कोनाचा टॅन म्हणजे व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट. नवी पोरं सरळ १० ÷ २ × ६० दाबतात. उत्तर ३००, आणि त्याचा टॅन इन्व्हर्स ८९.८ अंश. हा टेपर नव्हे, फेसिंग (टोक सपाट कापणं) झालं! १० ÷ (२ × ६०) असा कंस हवाच. मग टॅन इन्व्हर्स घेतला की ४.७६ अंश येतात, अंश-मिनिटांचं बटण दाबलं की ४ अंश ४५ मिनिटं ४९ सेकंद, म्हणजे पावणेपाच. कंपाउंड स्लाईड (लेथवरची कोनात फिरणारी टूलची स्लाईड) तेवढी फिरवा, पहिल्या कटनंतर मापून बघा. सूत्रातला दोन विसरलात तर साडेनऊ अंश येतात. ही चूक जास्त वाईट, कारण आकडा बघून शंका येत नाही.

आता कास्टिंगचं वजन. बिडाची चकती, व्यास २० सेंमी, जाडी ५. पाय ÷ ४ × २० चा वर्ग × ५ केलं की पडद्यावर ५०० आणि पुढे पायचं चिन्ह येतं. बिघडलेला नाही, एस-डी बटण दाबा, १५७०.८ घनसेंमी मिळतील. गुणिले बिडाचे घनसेंमीला ७.२ ग्रॅम, म्हणजे ११.३ किलो. पाय × त्रिज्येचा वर्ग या सूत्राने करताना त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर ४५ किलो. २० × २० × ५ चा चौकोनी ठोकळाच १४.४ किलोचा, त्यातून ४५ ची चकती निघेल कशी? गोल नेहमी चौकोनाच्या पाऊणपटीहून जरा जास्त, एवढं डोक्यात पाहिजे. ते यात मिळत नाही.

नुसत्या बिलांसाठी मात्र हा घेऊ नका, साधा पुरतो. १८ टक्के जीएसटीसकट ११,८०० असतील तर १.१८ ने भागा, मूळ रक्कम १०,०००. १८ टक्के वजा केलेत तर ९,६७६ येतात, आणि ३२४ रुपये गेले.