हाय डिडक्टिबल की पीपीओ? पिट्सबर्गला येणाऱ्यांसाठी

नवी नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात एचआरची मेल येते: विमा निवडा, मुदत तीस दिवस. त्या तीस दिवसांत माणूस घर शोधत असतो, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात खेपा घालत असतो. मग शेवटच्या रात्री ज्या प्लॅनचे सगळ्यात कमी पैसे कापले जातात त्यावर टिक करून मोकळा होतो. मीही तेच केलं. दोन वर्षं हाय डिडक्टिबल (हप्ता कमी, पण एका ठरलेल्या रकमेपर्यंतचा, म्हणजे डिडक्टिबलपर्यंतचा, खर्च आपल्याच खिशातून), त्यानंतर आता दोन वर्षं पीपीओ (हप्ता जास्त, पण डॉक्टरच्या प्रत्येक भेटीला ठरलेली रक्कम). दोन्ही घरचा पाहुणा आहे, पण उपाशी राहिलो नाही, एवढं खरं.

कागदावर हाय डिडक्टिबलच जिंकतो, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे दोन्हींच्या हप्त्यांत महिन्याला १६० डॉलरचा फरक होता, शिवाय कंपनी एचएसएत, म्हणजे या प्लॅनसोबत मिळणाऱ्या औषधोपचाराच्या बचत खात्यात, वर्षाला १,००० डॉलर टाकायची. म्हणजे आजारी न पडता २,९२० डॉलर वाचले. आणि एचएसए ही चीज खरोखर चांगली आहे. एफएसए या दुसऱ्या वैद्यकीय खात्यासारखे त्यातले पैसे वर्षाअखेरीस बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी आपल्याबरोबर येतात, गुंतवताही येतात. २०२६ साठी कुटुंबाने त्यात टाकायच्या पैशांची मर्यादा ८,७५० डॉलर आहे. सुट्टीत नाशिकला जाऊन दाताचं काम करून घेतलं तर तो खर्चही त्यात बसतो, फक्त पावती जपून ठेवायची. तुम्ही एकटे, धडधाकट असाल आणि डॉक्टरचं तोंड वर्षातून एकदा फुकटच्या तपासणीपुरतंच पाहत असाल, तर पुढचं वाचायची गरज नाही. हाय डिडक्टिबल घ्या.

मूल असेल तर मात्र थोडं थांबा.

त्याआधी या गावाची एक खासियत. पोलादाचं गाव म्हणून पिट्सबर्ग प्रसिद्ध, पण आता डाउनटाउनमधल्या सगळ्यात उंच इमारतीवर, म्हणजे यूएस स्टील टॉवरवर, यूपीएमसीची अक्षरं झळकतात. इथे दवाखान्यांचे दोन मोठे समूह आहेत, यूपीएमसी आणि अ‍ॅलेगेनी हेल्थ नेटवर्क. पहिल्याची स्वतःची विमा कंपनी आहे आणि दुसरा हायमार्क या विमा कंपनीच्या छत्राखाली येतो. कोणाचा विमा कोणाच्या दवाखान्यात चालणार यावरून यूपीएमसी आणि हायमार्कचं भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि जून २०१९ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. पण करार झाला म्हणून प्रत्येक प्लॅनमध्ये प्रत्येक दवाखाना येतो असं नाही. त्यामुळे हाय डिडक्टिबल की पीपीओ हा प्रश्न नंतरचा. आधी मुलांचा डॉक्टर ठरवा, त्याच्या रिसेप्शनला फोन करा आणि प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. नुसतं कंपनीचं नाव सांगितलंत तर सगळे "हो" म्हणतात.

दुसरी गोष्ट हवेची. पिट्सबर्ग राहायला छान आहे. भाडं न्यू जर्सीपेक्षा हलकं, तीन नद्या, पेन हिल्सला बालाजीचं देऊळ, माणसं बोलकी. पण गाव दऱ्याखोऱ्यांचं. थंडीत काही सकाळी गार हवा खाली अडकते आणि मोनोंगाहेला नदीच्या काठच्या क्लेअरटनच्या कोक (पोलादासाठी भाजलेला कोळसा) कारखान्याकडून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास कळवण्यासाठी इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने चक्क एक अ‍ॅप काढलं आहे, यावरून काय ते समजा. आमच्या मुलाची छाती त्या दिवसांत वाजायची. हवेमुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. बालवाडीतल्या सर्दीचाही हात असेल.

अशाच एका फेब्रुवारीच्या रात्री त्याला इमर्जन्सीत नेलं. नेब्युलायझर, एक एक्सरे, तीन तास. पहाटे मूल हसत घरी आलं. उपचारांबद्दल तक्रार नाही.

त्यानंतर पाकिटं सुरू झाली. पहिलं विमा कंपनीचं, कोणाला किती द्यायचं याचा तपशील, वर ठळक अक्षरांत "हे बिल नाही". मग दवाखान्याचं बिल. मग डॉक्टरचं, कारण डॉक्टर बऱ्याचदा दवाखान्याचा नोकर नसतो, त्याचा वेगळा गट. एक्सरे ज्याने वाचला त्याचं आणखी वेगळं. तो माणूस आम्ही पाहिलासुद्धा नाही. डिडक्टिबल ५,००० चं, म्हणजे सगळं आमच्याच खिशातून. प्रत्येक बिल "बिल नाही" वाल्या कागदाशी ताडून बघायचं, आकडा जुळला नाही की फोन, फोनवर अर्धा तास संगीत. मी एक्सेल शीट केलं होतं. एका रात्रीच्या खोकल्यासाठी अकरा ओळी! एप्रिलमध्ये आम्ही ग्रीन ट्रीला राहायला गेलो. ८५ डॉलरचं शेवटचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं आणि जूनमध्ये थेट वसुलीवाल्यांचं पत्र आलं. पैशांचं काही वाटलं नाही, ते एचएसएत होते. पण ते पत्र हातात घेऊन मी टपालपेटीपाशी उभा होतो, तेव्हाच पीपीओ ठरला.

पीपीओत कागद येत नाहीत असं नाही. पण आमच्या प्लॅनमध्ये मुलांच्या डॉक्टरकडे २५, अर्जंट केअरला ६०, इमर्जन्सीला १५० डॉलर, आणि हे आकडे घरातून निघतानाच ठाऊक असतात. गेल्या हिवाळ्यात तीनदा गेलो. तिन्ही वेळा काउंटरवर कार्ड घासलं आणि विषय संपला. मागून आलेले कागद न वाचता फाइलला लावले. वर्षाचा हिशेब घातला तर बहुधा मी हजार-बाराशे डॉलर जास्तच मोजले असतील. नक्की काढून पाहिलं नाही, आणि काढणारही नाही.

तीन बारीक गोष्टी. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रुजू होत असाल तर डिडक्टिबलपोटी भरलेल्या पैशांची मोजणी बहुतेक प्लॅनमध्ये १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते, तेव्हा पहिल्या वर्षी पीपीओच बरा वाटतो. दम्यासाठीचे स्टेरॉइड इनहेलर हाय डिडक्टिबल प्लॅनला डिडक्टिबलच्या आधी द्यायची मुभा २०१९ पासून आहे. सक्ती नाही, म्हणून औषधांची यादी उघडून बघा. आणि अँब्युलन्स: इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या (आपल्या विमा कंपनीशी करार नसलेल्या) डॉक्टरने लावलेल्या जादा बिलापासून २०२२ पासून केंद्राचा कायदा वाचवतो, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात येत नाही. मुलाला आम्ही गाडीनेच नेलं होतं, ते त्यामुळेच.

आकडेमोडीची आवड असेल, फाइल नीट ठेवायची सवय असेल, तर हाय डिडक्टिबल तुम्हाला कदाचित माझ्यापेक्षा जास्त मानवेल. माझा एक सहकारी त्यात सुखी आहे, त्याला दोन मुलं आहेत. त्याची बायको अकाउंटंट आहे, ही गोष्ट वेगळी.

एचएसएत आता नवे पैसे टाकता येत नाहीत, पण जुने तसेच आहेत. डिसेंबरात नाशिकला चाललोय, माझं रूट कॅनॉल त्यातूनच होईल.