गन्स एन रोझेसचं तिकीट, "आपला" मराठी माणूस आणि माझे 16,250 रुपये

लिहू की नको करत होते, नवरा म्हणतो गावभर सांगून काय मिळणार, पण ऑफिसातल्या एकीच्या भाच्याला अगदी सेम पद्धतीने गंडवलं हे कळलं आणि मग राहवेना. 16,250 रुपये. एकरकमी नाही, तीन वेळा काढले माझ्याकडून, आणि शेवटचे सगळ्यात जास्त खुपतात कारण ते म्हणे "रिफंडेबल" होते.

मी डोंबिवलीची, वय 46, आणि हो, या वयात मी गन्स एन रोझेस हा अमेरिकन रॉक बँड ऐकते, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. मी अकरावीत गेले आणि 1996 ला गिटारिस्ट स्लॅश बँड सोडून गेला, पुढच्या वर्षी बास वाजवणारा डफ मक्कागन पण गेला, म्हणजे माझं नशीब असं की ऐकायला लागले तेव्हा बँडच फुटला. डिसेंबर 2012 मध्ये गायक अ‍ॅक्सल रोझ मुंबईला आला होता पण तेव्हा बाकी सगळी वेगळी माणसं, स्लॅश नाही, डफ नाही, लेक पाच वर्षांची, मी गेले नाही. 2016 ला तिघं परत एकत्र आले. त्यानंतर नऊ वर्षं वाट बघितली आणि 17 मे 2025, शनिवार, महालक्ष्मी रेसकोर्स जाहीर झालं. लेक आता स्वतः गिटार वाजवते, तिची बारावी होती, म्हणून तिकीट आधी काढलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण "वेळेवर का नाही काढलं" हा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो. बारावीचं पोर घरात असलेल्या बाईला विचारा का नाही काढलं.

5 मेला निकाल लागला, चांगले मार्क पडले, आणि पोरीने बक्षीस म्हणून तेच मागितलं. टूर 1 मेपासून कोरियात सुरू झालेली, रोज व्हिडिओ येत होते, मार्चमध्येच घेतलेला नवीन ड्रमर आयझॅक कारपेंटर कसा वाजवतोय यावर आम्हा मायलेकींचे वाद चालू. (लोक त्या तिघा म्हाताऱ्यांसाठी जातात, पण मागची माणसं बघा ना. डिझी रीड 1990 पासून कीबोर्डवर आहे, स्लॅश जाऊन परत आला तरी हा तिथेच. रिचर्ड फोर्टस 2002 पासून. फ्रँक फेरर तर 2006 पासून ड्रम वाजवून 2025 ला बाहेर पडला. यांना नुसतं "बॅकिंग" म्हणायचं म्हणजे कमाल आहे.)

मग 7 मे उजाडला, ऑपरेशन सिंदूर, सगळं वातावरणच बदललं. 9 तारखेला आयपीएल थांबवली. आता आयपीएल थांबते तिथे कॉन्सर्ट कसली होतेय असं सगळेच म्हणत होते, मी पण. 10 ला शस्त्रसंधी झाली, तरी कुणाला खात्री नव्हती. आणि नेमकं याच गोंधळात तो भामटा घुसला. माझं म्हणणं आहे की इतर कुठल्याही आठवड्यात मी फसले नसते. कारण एरवी कुणी मूळ किमतीला तिकीट विकायला लागला की लगेच डोक्यात येतं, हा का विकतोय? इथे उत्तर तयार होतं. एका फॅन ग्रुपवर त्याची पोस्ट, "बायको म्हणते अशा वातावरणात गर्दीत जायचं नाही, दोन तिकिटं आहेत, घेतली त्याच किमतीत देतो, एक पैसा वर नको." सांगा बरं यात खोटं वाटण्यासारखं काय आहे? आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात लोकांनी लग्नाला जायचं रद्द केलं होतं.

मी मेसेज केला. इंग्रजीत. त्याने नाव बघून लगेच मराठीत उत्तर दिलं, "ताई मी पण मराठीच, कोथरूडचा." बस. पुढचं सगळं बोलणं ताई ताई करत. तिकिटाचे स्क्रीनशॉट पाठवले, बुकिंगच्या ईमेलचा फोटो, मी न मागता आधार कार्डाचा फोटो. (न मागता कुणी आधार पाठवलं की समजा ते दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं आहे. खरा माणूस आधी कां कू करतो.) मी 13,000 चे 12,500 केले आणि त्याने ते मान्य केले, त्यावर मी खूश! चोराशी घासाघीस करून पाचशे वाचवले.

आता ती जागा, जिथे रोज रात्री माझं डोकं जाऊन अडकतं.

टोकनचे 2,000 पाठवायच्या आधी मी सहज लिहिलं की आमची पहिलीच वेळ आहे, फार एक्साइटेड आहोत. त्यावर त्याचं उत्तर, अजून फोनमध्ये आहे, "ताई मी 2012 ला पण होतो, स्लॅशला दहा फुटांवरून बघितलाय, अंगावर काटा येतो."

2012 ला. स्लॅश.

आख्ख्या डोंबिवलीत हे वाक्य वाचून चटकन उभं राहायला हवं होतं असं कुणी असेल तर ती मी. 2012 ला लीड गिटारवर डीजे अ‍ॅशबा होता, सोबत बंबलफूट आणि फोर्टस. हे मला झोपेत विचारा. मी तर टाइप पण केलं होतं, "अहो पण 2012 ला स्लॅश नव्हता ना?" टाइप केलं आणि पुसलं. का? तर उगाच चूक काढली, त्याला राग आला आणि त्याने दुसऱ्याला तिकिटं दिली तर! मनात म्हटलं अ‍ॅशबा पण हॅट घालायचा, गर्दीत, अंधारात, तेरा वर्षांपूर्वी, माणसाचा गोंधळ होऊ शकतो. एक स्मायली पाठवली आणि 2,000 पाठवले. नंतर लेकीला ते चॅट दाखवलं तर तिने फक्त माझ्याकडे बघितलं. पण मी म्हणते तिकीट घेताना काय समोरच्याची तोंडी परीक्षा घ्यायची का? (आता घ्या. खरंच घ्या. बँडबद्दल मुद्दाम काहीतरी चुकीचं बोला आणि बघा तो दुरुस्त करतो का.)

बाकीचे 10,500 पाठवताना यूपीआयवर नाव आलं कसल्यातरी एंटरप्रायझेसचं. विचारलं. "मेव्हण्याचं दुकान आहे ताई, माझी लिमिट संपलीय." नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, मेव्हणा असो की सासरा. मी पाठवले कारण तोवर 2,000 अडकले होते, आणि अडकलेल्या पैशामागे माणूस आणखी पैसे टाकतो, यावरच तर या लोकांचं पोट चालतं.

दुसऱ्या दिवशी म्हणे तिकीट माझ्या नंबरवर ट्रान्सफर करायला 3,750 डिपॉझिट लागतंय, एन्ट्री झाली की आपोआप परत. इथे मला शंका आली होती, नोंद असू दे, मी त्याला फोनही लावला. त्याने उचलला! आवाज साधा, मागे कुकरची शिट्टी, लहान मूल रडतंय. म्हणाला, "ताई मी पण भरलं असतं पण माझ्याकडून दोनदा फेल जातंय." फोन उचलणारा, घरात पोरबाळ असलेला माणूस, कोण म्हणेल चोर आहे? फोन उचलतो म्हणजे खरा, हे डोक्यातून काढा. भरले. तासाभरात पीडीएफ आली, दोन क्यूआर कोड, नावं आमची, सगळं चकाचक. पीडीएफवर कुणाचंही नाव टाइप करायला दोन मिनिटं लागतात हे लेकीनेच मला नंतर करून दाखवलं.

17 तारखेला दुपारी त्याचा मेसेज, "एन्जॉय ताई!! माझ्या वाटणीचं पण ओरडा." एवढा निर्लज्जपणा. आणि यातच त्याची खरी हुशारी आहे बघा, नोकरीचं आमिष किंवा लॉटरी असली की माणसाला दोन-चार तासांत संशय येतो, इथे माल खोटा आहे हे कळायला थेट गेटवर जावं लागतं, तोपर्यंत पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर.

दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो, मे महिन्याचा तो घामट उकाडा, काळे टीशर्ट, माझ्या वयाचे टक्कल पडलेले पुरुष डोक्याला बंदाना बांधून, मला तर भरून आलं होतं. लाइनीत पुढे गेलो, पोराने स्कॅन केलं, लाल. परत लाल. "ऑलरेडी यूज्ड." मी म्हटलं नेटवर्क असेल. तो म्हणाला बाजूला व्हा मॅडम. बाजूला झालो तर तिथे आधीच एक इंदूरचा मुलगा, रात्रभर बसने आलेला, आणि त्याच्या मोबाईलवर माझाच बुकिंग नंबर. शेवटचा आकडासुद्धा तोच. त्याच्याकडून 9,000 घेतले होते आणि त्याच्याशी हिंदीत "भाई" म्हणून बोलला होता, इंदूरचाच आहे म्हणाला होता.

तिकडच्या कर्मचाऱ्यांना विचारलं की बाबा हे कुणी तरी वापरून आत गेलंय म्हणजे मूळ तिकीट कुणाच्या नावाने आहे ते तुम्हाला दिसत असणार, तेवढं तरी सांगा. उत्तर, "हेल्पडेस्कला मेल टाका." मेल टाकला. उत्तर आलं की अनधिकृत विक्रीची जबाबदारी आमची नाही, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. माझा अनुभव मोलाचा आहे! 16,250 चा आहे!

घरी जायला लेक तयार नव्हती. रेसकोर्स उघडं मैदान, आवाज रस्त्यापर्यंत येत होता, भिंतीच्या बाहेर उभ्या राहून ऐकलं थोडं. तोवर मी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी माहिती घेतली, तक्रार नंबर मेसेजवर आला, ते काम झालं. फक्त एक लक्षात ठेवा, फोन करताना यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, हाताशी पाहिजे, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा. मी रस्त्यावर गोंगाटात तीन नंबर ओरडून सांगितले आणि मागे स्लॅशचा सोलो चालू, हा असा ऐकला मी स्लॅश शेवटी.

खरा छळ सोमवारपासून. बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणते ट्रान्झॅक्शन तुम्हीच पिन टाकून केलंय ना, मग ऑथोराइज्ड आहे, आम्ही काही करू शकत नाही. मी म्हटलं ज्या खात्यात गेलेत ते खातं गोठवायला सांगा समोरच्या बँकेला. म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस स्टेशनला गेले. ठाणे अंमलदार म्हणतात घटना कुठे घडली? मुंबईत कॉन्सर्ट ना, मग तिकडे जा. अहो पैसे मी घरातल्या सोफ्यावर बसून पाठवलेत! मग म्हणे आरोपी पुण्याचा ना. मी म्हटलं तो कोथरूडचाही आहे आणि इंदूरचाही. मग "16 हजारच ना मॅडम, इथे लोकांचे 40-40 लाख गेलेत." म्हणजे 40 लाख गेले असते तर चहा दिला असता का? आणि वर एक जण हसून, "या वयात कसली कॉन्सर्ट." हे मी विसरणार नाही. चोराने निदान ताई तरी म्हटलं.

शेवटी माझा वकील चुलतभाऊ फोनवर बोलला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते. पाठ करून जा, कलमाचा आकडा ऐकला की खुर्ची देतात. मला खुर्ची दिली, अर्ज घेतला, एफआयआर तरीही नाही, "चौकशीवर ठेवलाय." अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख मागून घ्या, देत नाहीत, हटून बसा. त्या शिक्क्याच्या कॉपीवर बँक म्हणाली हे पत्र नाही, हा अर्ज आहे. पोलीस म्हणाले बँकेने आम्हाला मेल करायला हवा. बँक म्हणाली पोलिसांनी करायला हवा. मी मधे उभी. बँकेला लेखी तक्रार देऊन 30 दिवस गेले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, ती पण केली आहे. म्हणून तोंडी काही बोलू नका, सगळं मेलवर.

आणि कोल्डप्लेच्या कॉन्सर्टच्या तिकिटांच्या काळ्याबाजारावरून एवढी बोंब झाली होती, ईडीचे छापे पडले होते, तेव्हा मला वाटलं आता हे लोक घाबरतील. घाबरतात कुठले, धंदा जोरात आहे.

परवा त्या नंबरचा डीपी बदललेला दिसला. वेगळं नाव, वेगळा चेहरा, स्टेटसला वेगळ्याच एका शोची तिकिटं. मी लेकीच्या फोनवरून मेसेज टाकला, हिंदीत. दोन मिनिटांत उत्तर, दर, स्क्रीनशॉट, सगळं. लेकीचं नाव दिसलं असावं, कारण पुढचा मेसेज मराठीत, "ताई टोकन 2,000 पाठवा, होल्ड करतो." सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून पोलीस स्टेशनला नेले, म्हटलं नंबर चालू आहे, माणूस आत्ता ऑनलाइन आहे, लोकेशन काढा. साहेबांनी कागद उलटसुलट बघितले आणि माझ्यावरच डाफरले, "मॅडम तुम्ही त्याला मेसेज कशाला केला, आता सावध होईल ना तो."