डिमेंशिया असलेल्या आईबाबांना मुंबईत फिरायला कुठे न्यावं: कट्टा, राणीबाग, मॉल की भाजी मार्केट?

घरात डिमेंशियाचं, म्हणजे हळूहळू स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाणाऱ्या आजाराचं, माणूस असलं की सुट्टीच्या दिवशी ठरलेला प्रश्न, बाहेर न्यायचं का आणि न्यायचं तर कुठे, आणि ह्यावर सल्ला देणारे नातेवाईक भरपूर असतात, सोबत येणारे नसतात. मी दादरला राहते. आईला अल्झायमर आहे आणि सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, स्ट्रोकनंतर आलेला व्हॅस्क्युलर डिमेंशिया (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा), त्यामुळे डिमेंशियाचे दोन प्रकार घरातच बघायला मिळतात. खालचं सगळं दादर-परळ-गिरगाव ह्या पट्ट्यापुरतं आहे आणि ज्यांना अजून धरून का होईना चालता येतं त्यांच्यासाठी आहे.

आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील: बघण्यासारखं ठिकाण शोधू नका, ओळखीचं शोधा. ह्या आजारात बहुतेक वेळा नवीन गोष्टी लक्षात ठेवायची ताकद आधी जाते, जुन्या आठवणी आणि हाताच्या सवयी त्यामानाने खूप उशिरापर्यंत राहतात. आणि "तिला संध्याकाळपर्यंत आठवणार पण नाही, मग कशाला एवढा खटाटोप" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की कुठे गेलो होतो ते विसरलं तरी मूड मागे राहतो, चांगला असेल तर चांगला आणि वाईट असेल तर वाईटसुद्धा.

शिवाजी पार्क की राणीबाग

राणीबाग, म्हणजे भायखळ्याची प्राणिसंग्रहालयाची बाग, मोठी आहे, जुनी आहे, १८६० च्या दशकातली झाडं आणि रस्ते, गोरखचिंच आहे, उर्वशीचं झाड आहे, सावली मुबलक. पण लोक नेतात पेंग्विन बघायला. २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळायला लागले आणि तेव्हापासून रविवारी तिथे शाळेच्या सहलीएवढी गर्दी. पेंग्विनचा हॉल थंड आणि अंधारा, लाईन पुढे सरकत राहते, मागून लोक ढकलतात, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर ह्या लोकांना जमीन कुठेय तेच कळत नाही, पाऊल उचलायलाच तयार होत नाहीत. तेव्हा न्यायचं तर कामाच्या दिवशी सकाळी, पेंग्विन सोडून, नुसतं झाडांखाली. बुधवारी बंद असते हे विसरू नका. चालणं भरपूर आहे, व्हीलचेअर लागणार असेल तर घरूनच न्या.

शिवाजी पार्कचा कट्टा, म्हणजे मैदानाभोवतीचा बसायचा बुटका कठडा, मला कधीही जास्त आवडतो. कारण तिथे "बघायचं" असं काहीच नाही! बसायचं, क्रिकेट चालू असतं ते बघायचं, स्कोर माहीत असायची गरज नाही, कोण खेळतंय माहीत असायची गरज नाही, चेंडू लांब गेला की अप्पा "गेला गेला" म्हणतात आणि शेजारचा अनोळखी म्हातारा पण म्हणतो, झाली ओळख. कंटाळा आला तर उठायचं, गेट शोधत बसायला नको, रस्ता समोरच. २०१० मध्ये हायकोर्टाने हा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे मोजके दिवस सोडले तर लाऊडस्पीकरचा त्रास कमी. दसरा आणि ६ डिसेंबरच्या आसपास मात्र तिकडे फिरकू नका, त्या गर्दीत हात सुटला तर अवघड आहे. वाईट बाजू म्हणाल तर कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही, आणि गुडघे गेलेले असतील तर उठवताना दोन माणसं लागतात.

मॉल की भाजी मार्केट

मॉलला मी नाकं मुरडायचे पण मे महिन्यात दुसरा पर्यायच नसतो. सपाट फरशी, एसी, लिफ्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपंगांसाठीचं वेगळं टॉयलेट. हे टॉयलेटचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मी सून, सोबत सासरे, जेन्ट्समध्ये मी जाऊ शकत नाही आणि त्यांना एकटं आत सोडलं तर आतून कडी लावतील आणि ती कशी काढायची ते विसरतील. मुलगा आईला घेऊन गेला तरी तेच. त्यामुळे ठिकाण ठरवताना मी आधी टॉयलेटचा विचार करते, मग बाकी.

मॉलचे तोटे पण आहेत. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतो, आरशातली बाई कोण म्हणून आई घाबरते, आणि सरकत्या जिन्याचं तर नावच नको. लोअर परळचा फिनिक्स मॉल जिथे आहे तिथे फिनिक्स मिल होती. अप्पा गिरणीतले, संप १९८२ ला सुरू झाला तोवर त्यांचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. तिथे कॉफी पिताना ते विचारतात, शिफ्ट सुटली का गं? मी म्हणते, सुटली अप्पा, तुम्ही बसा निवांत. "मिल कधीच बंद पडली" हे सांगून काय मिळणार आहे, दर वेळी त्यांना ती बातमी नवीनच असते.

पण आईसाठी विचाराल तर भाजीवाल्यापुढे मॉल काहीच नाही. दादरची फुलगल्ली नव्हे हां, सकाळी तिथे धडधाकट माणसाला उभं राहता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो भाजीवाला बसतो तो. आईला माझं नाव कधी सुचतं कधी नाही, पण भेंडी हातात आली की टोक मोडून बघणार म्हणजे बघणारच, मेथीची जुडी उलटी करून आतून पिवळी आहे का बघणार, आणि भाव ऐकून "काय सोनं विकतोस का" हे ठरलेलं. तिच्या डोक्यात कोथिंबीर अजून चार आण्याची. ह्यावर उपाय म्हणजे भाजीवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, ती जे नाणं देईल ते घ्यायचं, "बरं मावशी" म्हणायचं, खरे पैसे मी नंतर जीपे करते. घासाघीस करून जिंकली की ती अर्धा दिवस खुशीत. घरी आल्यावर मटार सोलायला देते, तो पण त्याच फिरण्याचा भाग. भाजीचे पैसे सोडले तर खर्च शून्य, वेळ अर्धा तास, घर दोन मिनिटांवर.

बस, टॅक्सी की गाडी

एखाद्या दिवशी पाय अजिबात चालत नसतील तर गाडीतून नुसती चक्कर मारून आणणं हे पण फिरणंच आहे, ते कमी समजू नका. इथे एक गंमत आहे. सगळे म्हणतात कोस्टल रोडने न्या, झटकन पोचाल. पण पोचायचंय कुठे? कोस्टल रोडवर ओळखीचं काही लागत नाही आणि त्यात बोगदा, आई बोगद्यात माझा हात घट्ट धरून बसते. त्यापेक्षा जुन्या रस्त्याने पेडर रोड, मग चौपाटी, विल्सन कॉलेज, ऑपेरा हाऊस. गिरगावात वाढलेल्या बाईला विल्सन दिसलं की पुढचं सगळं ती सांगते, कुठे वळायचं ते पण, भले ते दुकान आता तिथे नसेल. सिग्नलला गाडी थांबली तर उलट बरंच. मागच्या सीटवर बसवताना चाइल्ड लॉक लावा, हे नक्की.

बेस्टच्या नव्या एसी बस चढायला ठेंगण्या आहेत, दुपारी अकरा ते तीन रिकाम्या असतात. डबलडेकर बघून जुनी माणसं खुलतात पण वरच्या मजल्याचा हट्ट धरला तर जिना अरुंद आहे, खालीच बसवा. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये गेलीच, नाहीतर ती पहिला नंबर असती.

देऊळ की नाटक

सिद्धिविनायक मंगळवारी नको, चतुर्थीला तर नकोच. घराजवळचं छोटं देऊळ, जिथे पुजारी ओळखतो, जिथे चप्पल काढायला टेकायला जागा आहे, ते घ्या. आरतीचे शब्द ज्यांना स्वतःचा पत्ता आठवत नाही त्यांनाही येतात, गाणं आणि पाठांतर खूप टिकतं. नाटक अडीच-तीन तासांचं, मध्येच काळोख, गोष्ट धरून ठेवावी लागते, ते सुरुवातीच्या टप्प्यातच जमतं. कडेची सीट घ्या आणि इंटरव्हलला निघायची तयारी ठेवा. त्यापेक्षा सोसायटीतलं भजनी मंडळ परवडलं, हातात टाळ दिले की काम झालं, आणि मध्ये उठून गेलं तरी कोणी मागे वळून बघत नाही.

लग्नकार्य हा सगळ्यात वाईट पर्याय, तरी सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच. दोनशे चेहरे, डीजे, आणि प्रत्येक जण येऊन "ओळखलंत का मला?" ही परीक्षा घेतो. जायचंच असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन नवरदेवाला आशीर्वाद देऊन या.

निघायची वेळ सकाळी नाश्ता झाल्यावर. चार-पाचनंतर बऱ्याच जणांची बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" घरात बसूनच सुरू होतं, बाहेर असाल तर डबल. आदल्या दिवशी सांगू नका, रात्रभर "निघायचं ना" चालतं, चपला घालतानाच सांगा. खिशात किंवा पदराला पिन करून एक चिठ्ठी, त्यावर नाव आणि तुमचा मोबाईल नंबर. निघायच्या आधी फोनमध्ये एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांतला, हरवलं तर "साडी कुठल्या रंगाची" हे घाबरल्यावर आठवत नाही. हरवलंच तर शोधत बसून वेळ घालवू नका, आधी ११२ ला फोन.

पहिल्यांदाच नेणार असाल तर आई असेल तर भाजीवाला, बाबा असतील तर कट्टा, आणि उन्हाळा असेल तर मॉलची सकाळ, दुकानं उघडत असतानाची. राणीबाग हिवाळ्यासाठी ठेवा.