हिरड्या ‘परत वाढवणारे’ तेल: माझ्या आईची झालेली फसवणूक

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात आईच्या पिढीच्या अनेक बायका मिश्री लावत, तशी आईनेही वर्षानुवर्षे लावली. तिच्या खालच्या दातांच्या हिरड्या सरकून पिवळसर मुळे उघडी पडली होती आणि गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जात असे. आठवडी बाजारातील एका विक्रेत्याने तिला ‘हिरड्या परत वाढवणारे’ तेल व लाल मंजन १,८०० रुपयांना विकले. त्याने आधी तेलाचा बोळा तिच्या दातांवर धरला, थोड्या वेळाने गार पाणी प्यायला दिले आणि कळ आली नाही, हे भोवतीच्या बायकांनाही दाखवले.

फसवणुकीचे मर्म या प्रयोगातच आहे. त्या तेलाला लवंगेचा उग्र वास येत होता आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल काही काळ बधीरता आणते. सरकलेल्या हिरडीखालच्या मुळावर इनॅमलचे कवच नसते. वरचा पातळ थर झिजला की डेंटिनमधील (त्याखालच्या दाताच्या आतल्या थरातील) सूक्ष्म नलिका उघड्या पडतात, गार स्पर्शाने त्यांतील द्रव हलतो आणि कळ येते. बधीरतेने या नलिका बुजत नाहीत. मंजन तर चिमटीत घेतल्यावर वाळूसारखे खरखरीत लागत होते आणि ते रोज घासल्याने दुखणे वाढतच गेले. फोन केल्यावर विक्रेता म्हणाला, ‘‘मावशी, आतली घाण बाहेर पडतीय, कोर्स अर्धा सोडू नका,’’ आणि त्याने अधिक ‘स्ट्राँग’ बाटली पाठवली. त्या तेलाने हिरडीवर भाजल्यासारखा पांढरा चट्टा उमटला. वेदनेने हैराण झालेल्या वयस्कर बाईला असे सांगणे हा मला निव्वळ क्रूरपणा वाटतो.

शासकीय दंत महाविद्यालयातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, सरकलेली हिरडी कोणत्याही तेलाने परत वाढत नाही. गरज असेल तिथे तोंडातल्या टाळूची ऊती घेऊन शस्त्रक्रियेने मूळ झाकता येते. आईला त्यांनी मिश्री बंद करायला लावली, मऊ ब्रश आणि ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात हेही आधीच सांगितले, झिजून खाच पडलेल्या दोन दातांत सिमेंट भरले आणि बाकीच्या उघड्या मुळांवर फ्लोराइड वार्निश लावले. आता ती माठातले पाणी पिऊ शकते.

बाटलीवर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता वा परवाना क्रमांक, यांपैकी काहीही छापलेले नाही. पावतीही दिली नव्हती. मात्र दुसऱ्या बाटलीचे पैसे मोबाइलवरून भरल्याने त्याची नोंद आहे. ती नोंद आणि बाटलीचे फोटो जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली आहे. कोणी असे तेल घेतले असेल तर बाटली फेकून देऊ नका, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवा.