फ्लायसाठी गळ: पुण्याच्या पाण्याला पुरणारे आणि खिशाला परवडणारे

पुण्यात राहून फ्लाय (गळावर पिसे आणि धागा बांधून केलेले, किड्यासारखे किंवा छोट्या माशासारखे दिसणारे कृत्रिम आमिष) बांधायच्या म्हटल्या, तर लागणाऱ्या बहुतेक वस्तूंना काहीतरी घरगुती पर्याय निघतो. पिसे कोंबडीवाल्याकडे मिळतात, चकचकीत जर आणि मणी तुळशीबागेत मिळतात आणि भरतकामाच्या बारीक धाग्यावरही मोठ्या फ्लायचे काम भागते. गळाला मात्र असा पर्याय नाही. तो घरी बनत नाही, दुरुस्त होत नाही आणि तो फसला की त्याच्यावर बांधलेली पिसे, धागा आणि त्यांवर खर्ची पडलेला वेळ सगळेच वाया जाते. म्हणून या परीक्षणात फक्त गळांचाच विचार केला आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: आपल्याकडच्या उबदार पाण्यातल्या माशांसाठी थंड पाण्यातल्या ट्राउट माशाचे नाजूक, महागडे गळ घेण्याचे कारण नाही; मुस्टाड कंपनीचे 3366 आणि 34007 हे दोन जुने, साधे नमुने बहुतेक काम निभावून नेतात आणि जे काम त्यांच्याने होत नाही, तिथे जपानी गळाचे पैसे मोजावे लागतात.

प्रथम सर्वांत स्वस्त मालाविषयी. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास किंवा मासेमारीची जाळी विकणाऱ्या दुकानांत जे सुटे, बिननावाचे गळ मिळतात, ते दोन-चार रुपयांना एक पडतात आणि म्हणून मोह होतो. हे गळ आमिष लावून बसणाऱ्यांसाठी असतात आणि त्या कामाला ते वाईट नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचे टोक मुद्दाम एका बाजूला कललेले असते, ज्याला कर्बी बाक म्हणतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, परंतु अशा गळावर बांधलेली फ्लाय पाण्यातून ओढताना गिरक्या घेते आणि दोरीला पीळ बसतो. काहींना तर नेढेच नसते, दांडीचे टोक चपटे ठोकलेले असते. ज्यांना नेढे असते, त्यांच्यात तार वळवून जिथे दांडीला टेकते तिथे फट राहिलेली असते, आणि त्या फटीत बारीक लीडर (दोरीचा गळाला बांधलेला शेवटचा भाग) सरकला की मासा लागल्याबरोबर तुटतो. ही फट दुकानात उजेडाकडे धरून पाहिली तरी दिसते, त्यामुळे दुकानदार कितीही कंटाळला तरी पाहून घ्यावी.

खरा प्रश्न मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे आणि तो पोलादाला दिलेल्या पाण्याचा, म्हणजे उष्णता देऊन आणलेल्या कठीणपणाचा, आहे. गळाची तार उच्च कार्बनच्या पोलादाची असते. आकार दिल्यावर ती तापवून, थंड करून आणि पुन्हा मर्यादित उष्णता देऊन तिला योग्य कठीणपणा आणावा लागतो. पाणी कमी झाले तर गळ माशाच्या वजनाने उघडतो, जास्त झाले तर काडीसारखा तुटतो. शिवाय मुलामा चढवण्यापूर्वी गळ आम्लात धुतले जातात, आणि ती प्रक्रिया हलगर्जीपणाने झाली तर पोलादात हायड्रोजन शिरून चांगला गळही ठिसूळ होतो. स्वस्त मालात एकाच पुडीतला एक गळ उघडणारा आणि दुसरा तुटणारा निघतो, म्हणजे दोष सारखाही नसतो, आणि त्यामुळे पुडीतला एक तपासून बाकीच्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

यावर माझी पद्धत साधी आहे. गळाचा बाक वाइसच्या (फ्लाय बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंजाच्या) जबड्यात घट्ट धरावा आणि नेढ्याच्या बाजूने दांडी अंगठ्याने थोडी खाली दाबून सोडावी. चांगला गळ लगेच पूर्वीच्या जागी येतो आणि नखाने छेडला तर किणकिणतो; कच्चा गळ दाबला तिथेच राहतो आणि जास्त कठीण गळ कट् आवाज करून उडतो, म्हणून चष्मा लावूनच हे करावे. त्यानंतर टोक अंगठ्याच्या नखावर तिरके ठेवून हलकेच ओढावे: धारदार टोक नखात रुतून थांबते, बोथट टोक पांढरी रेघ ओढत घसरत जाते. शेवटी सपाट तोंडाच्या पकडीने टोकाजवळचा उलटा काटा दाबून पाहावा. तो दबून सपाट झाला तर ठीक. दाबताना टोकासकट तुटला, तर ती पुडी परत करावी. उलटा काटा दाबलेलाच असावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्यामुळे मासा सोडायला सोपा जातो, आणि वाऱ्यात मागून आलेली फ्लाय स्वतःच्या कानात रुतली, तरी डॉक्टरकडे जावे लागत नाही.

आता 3366. मुस्टाड ही नॉर्वेतली कंपनी 1877 पासून गळ बनवते आणि हा तिच्या जुन्या नमुन्यांपैकी एक आहे: स्प्रोट नावाच्या आकाराचा बाक, सरळ नेढे, मध्यम लांबीची दांडी, तपकिरी ब्राँझ मुलामा. मुळात तो आमिषाचाच गळ आहे, परंतु त्याचे टोक बाजूला कललेले नसल्यामुळे आणि तोंड, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातले अंतर, पुरेसे रुंद असल्यामुळे फ्लाय बांधणाऱ्यांनी तो आपलासा केला. तो 100 च्या डब्यात मिळतो, आणि डबा दोघा-तिघांनी मिळून घेतला तर एका गळाची किंमत कटिंग चहाच्या खालीच राहते. 8 नंबरवर चिलापीसाठी पाण्याखालच्या किड्यासारखी छोटी निम्फ आणि 4 किंवा 2 नंबरवर मरळीसाठी बेडकासारखी किंवा लांब झिपऱ्यांची, माशासारखी फ्लाय बांधता येते. गळाच्या क्रमांकाचा उलटा हिशोब नवख्याने लक्षात ठेवावा: आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, आणि 1 च्या पुढे 1/0, 2/0 असे मोठे होत जातात. 3366 ची तार जाड असल्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या नाजूक फ्लायसाठी तो उपयोगाचा नाही, पण उजनीच्या किंवा पानशेतच्या काठावर नाजूक फ्लायची गरज किती वेळा पडते, हा प्रश्नच आहे. ब्राँझचा मुलामा गोड्या पाण्यापुरताच असतो. खाडीत नेला की तो गंजणार, यात गळाचा दोष नाही.

खाडीसाठी 34007 आहे. याचा बाक ओशॉनेसी नावाच्या आकाराचा, नेढे सरळ आणि तार स्टेनलेस पोलादाची. शनिवार-रविवारी ताम्हिणीतून उतरून रायगडच्या खाड्यांत जिताडा किंवा तांबोशीच्या मागे जाणाऱ्या पुणेकराला हा गळ सोयीचा आहे, कारण घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खळबळून वाळवली की तीच पुन्हा वापरता येते. क्लाउझर मिनोसारखी वजनदार डोळ्यांची फ्लाय 1/0 वर उत्तम बसते. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. स्टेनलेस पोलाद कार्बन पोलादाइतके कठीण होत नाही, त्यामुळे टोक लवकर बोथट होते आणि खिशात छोटी कानस ठेवावी लागते. दुसरे असे की दोरी तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला, तर तो लवकर गंजून गळून पडत नाही. उलटा काटा दाबण्याचे हे आणखी एक कारण.

काटकसर जिथे थांबवावी, ते ठिकाण म्हणजे महसीर. दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केली ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून. शहरातल्या नदीत आज त्याची आशा कोणी धरत नाही, ही गोष्ट वेगळी. या माशाच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात आणि तोंडाची पकड अशी असते की बारीक तारेचा गळ चिरडला किंवा सरळ केला जातो. अशा माशासाठी जपानी कंपन्यांचे गामाकात्सु एसएल12एस किंवा टिएम्को 811एस यांसारखे जाड, समुद्री कामाचे गळ मी सुचवीन. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून एक गळ पंचवीस-तीस रुपयांच्या पुढे जातो आणि मोठ्या नंबरला त्याहून बराच जास्त पडतो, पण टोकाची धार आणि पुडीतल्या प्रत्येक गळाचा सारखेपणा यांत त्यांच्याशी स्पर्धा नाही. मरळीसाठी ज्यांना हरणाच्या केसांचा भरगच्च बेडूक बांधायचा आहे, त्यांनी गामाकात्सुचाच बी10एस पाहावा. केसांनी 3366 चे तोंड भरून जाते आणि मरळीच्या हाडाळ टाळूत टोक शिरायला जागा उरत नाही, तर बी10एसचे तोंड मुळातच अधिक रुंद आहे.

ऑनलाइन बाजारात जपानी धाटणीच्या नावांचे, काळ्या निकेलचे, पन्नासाच्या पुडीतले गळ दिसतात. त्यांतले काही खरोखर चांगले निघतात, परंतु त्याच विक्रेत्याकडून दुसऱ्यांदा मागवलेली पुडी पहिलीसारखी असेल याची खात्री नसते, आणि माझ्या दृष्टीने भरवसा याचा अर्थ तोच आहे. घ्यायचेच असतील तर एक पुडी घेऊन त्यातले पाच-सहा गळ वाइसमध्ये दाबून पाहावेत आणि पटले तर त्याच दिवशी उरलेली गरज भागवावी.

साठवणीचे म्हणाल, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ब्राँझचा उघडा डबा महिन्याभरात तांबूस पडतो. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकाव्यात, नंबर आणि नमुना डब्यावर लिहून ठेवावा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला असेल तर बांधण्यापूर्वी तो फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर धागा दांडीवर घसरतो.