सिगारेट सोडवायची पावडर मागवण्याआधी हे वाचा : माझे १६,६४८ रुपये कसे गेले

आधी आकडे. पावडरचा डबा १,४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. ‘दुसऱ्या स्टेजचा कोर्स’ ४,३५०. ‘लंग डिटॉक्स किट’ ७,८००. आणि हे सगळे पैसे परत मिळणार म्हणून जो क्यूआर कोड स्कॅन केला, त्यात आणखी २,९९९. एकूण १६,६४८ रुपये, ३८ दिवसांत. सिगारेट सुटली नाहीच.

लिहिताना लाज वाटतेय. पण गप्प बसलं की फसवणाऱ्यांचंच फावतं. या धंद्यात फसलेला माणूस गप्प बसतोच, कारण तक्रार करायची तर आधी ‘मी सिगारेट ओढतो आणि मला सोडता येत नाही’ हे चारचौघांत कबूल करावं लागतं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाहिरातीवर वेळ घालवत नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ‘८ दिवसांत सिगारेट बंद’, ‘शेवटचे ३ डबे शिल्लक’, फॉर्ममध्ये नंबर टाकला की दहा मिनिटांत फोन. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. त्यांचं फोन करायचं वेळापत्रक सिगारेट सोडणाऱ्याच्या त्रासावर बेतलेलं असतं, आणि कुठल्या दिवशी काय त्रास होणार हे आधीच सांगता येतं.

निकोटीन रक्तातून भराभर उतरतं, दर दोन तासांनी साधारण निम्मं. म्हणून तर रात्रभर झोपून उठल्यावर पहिली सिगारेट लगेच लागते. पूर्ण बंद केली की काही तासांत चिडचिड सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो. डोकं दुखतं, झोप मोडते, पोट साफ होत नाही, कशात लक्ष लागत नाही. नंतर ते हळूहळू ओसरतं आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास जातो. पावडर घेतली तरी जातो, नाही घेतली तरी जातो.

आता डब्यावरची सूचना बघा : ‘पहिल्या डोसपासून सिगारेट पूर्ण बंद.’ पार्सल कधी पोचलं हे ट्रॅकिंगवर त्यांना दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोस सुरू होणार हे धरलं, की सगळ्यात वाईट दिवस कोणता हे बोटांवर मोजता येतं. बरोबर त्याच दिवशी सकाळी ११ वाजता ‘डॉक्टरां’चा फोन. डोकं दुखतंय का? होय. चिडचिड? होय. पोट? होय. झोप? नाही. माझ्या जागी कुणीही हीच उत्तरं दिली असती, आणि मला वाटलं, न तपासता ओळखलं, म्हणजे माणूस जाणकार आहे. मग म्हणाला, ‘औषध लागू पडलंय, विष सुटायला लागलंय. पण सुटलेलं विष बाहेर काढायला दुसरी स्टेज लागते. मध्येच थांबलात तर उलटेल.’ कोर्सवर कॅश ऑन डिलिव्हरी मिळत नाही, यूपीआयनेच भरा. ४,३५० गेले.

पाचव्या-सहाव्या दिवशी जरा बरं वाटलं. वाटणारच होतं. श्रेय पावडरला गेलं.

अठराव्या दिवशी पुन्हा फोन. ‘खोकला वाढलाय ना? कफ पडतोय?’ पडतच होता. सिगारेट बंद झाली की श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. खोकला काही दिवस वाढतो तो यामुळे, आणि ते बरं होण्याचंच लक्षण आहे. त्याने सांगितलं, फुप्फुसात निकोटीन साचलंय, डिटॉक्स करा. हे ठळक लिहून ठेवा : निकोटीन दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर गेलेलं असतं. अठराव्या दिवशी बाहेर काढण्यासारखं निकोटीन शिल्लकच नसतं. धुरातल्या डांबराचं (टार) म्हणाल, तर ते ओढून काढणारं सरबत नाही, पावडर नाही आणि तळपायाला लावायची पट्टीही नाही. ७,८०० रुपयांच्या किटमध्ये हेच तीन प्रकार होते, शिवाय २० ‘हर्बल सिगारेटी’.

त्या हर्बल सिगारेटींनी सगळ्यात जास्त नुकसान केलं. तुळस असो, लवंग असो, नाहीतर गुलाबाच्या पाकळ्या, कुठलंही पान जाळून ओढलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येणारच. त्याहून वाईट म्हणजे हाताची सवय जिवंत राहते. चहा संपला की बोटं खिशाकडे जातात ती जातातच. निकोटीन नसल्यामुळे तलफ भागत नाही आणि पाय टपरीकडे वळतात. सुटी सिगारेट हातात आली ती अशी, चौथ्या आठवड्यात. मग त्यांचं उत्तर तयार होतंच : ‘पथ्य मोडलंत, गॅरंटी गेली.’ थोडक्यात, बरं वाटलं तर औषधाने आणि बिघडलं तर तुमच्यामुळे.

आता ज्या क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, तो सांगतो.

पहिला डबा हातात होता. हिरवं झाकण, त्यावर एक स्टिकर, खाली आधीच्या स्टिकरची कड दिसतेय. मागे बारीक अक्षरात एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. तो मी वाचला. एफएसएसएआय म्हणजे अन्नपदार्थाचा परवाना, लोणच्याच्या बरणीवर असतो तोच. आयुर्वेदिक औषध असेल तर त्याच्या लेबलवर औषध बनवायच्या परवान्याचा नंबर लागतो, बॅच नंबर लागतो, घटकद्रव्यं लागतात. इथे घटकांच्या जागी ‘११ दुर्मिळ वनौषधी’ एवढंच. एकाही वनस्पतीचं नाव नाही, प्रमाण नाही. जाहिरातीत औषध आणि डब्यावर अन्न. हे मनात आलं होतं. अक्षरशः मनात आलं होतं की अन्न आहे तर डॉक्टरचा फोन कशाला? आणि डबा उघडला. कुरिअरच्या पिशवीवर पाठवणाऱ्याचं नाव वेगळं आणि मालाचं वर्णन ‘जनरल मर्चंडाइज’, तेही पाहिलं होतं.

दुसरी खूण त्याहून साधी होती. तीन फोनमध्ये त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की उठल्यावर किती मिनिटांनी पहिली सिगारेट लागते. सिगारेट सोडवणारा कुठलाही खरा डॉक्टर किंवा समुपदेशक पहिल्या काही प्रश्नांतच हे विचारतो, कारण व्यसन किती खोल आहे ते त्यावरून कळतं. दिवसाला किती, याआधी किती वेळा सोडली, कुठली औषधं चालू आहेत, फिट येते का, यातलं काहीच नाही. विचारलं ते एवढंच : पेमेंट कुठल्या ॲपने करणार?

मी अडाणी नाही. अनोळखी लिंक उघडत नाही, ओटीपी कुणाला देत नाही. पण तिसऱ्या दिवशीचं डोकं हे नेहमीचं डोकं नसतं. ज्याने कधी सोडायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. त्या अवस्थेत कुणी खात्रीने बोललं की माणूस हात पुढे करतो. म्हणून सांगतो, सोडल्यापासून पहिले दहा दिवस फोनवरून कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

उरला शेवटचा फटका. ‘मनी बॅक’ मागितल्यावर ‘रिफंड विभागा’तून फोन आला, क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, १३,६४९ जमा होतील. पिन टाकला आणि २,९९९ वजा झाले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : ‘पैसे तुम्हीच दिलेत ना?’ दुसरा : ‘सिगारेट सोडायला पावडर कशाला लागते?’ आणि बाजूला बसलेले दोघं हसले. मग ‘ऑनलाइन करा’. ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, सात आठवडे ‘प्रक्रियेत’ आणि एक दिवस ‘बंद’. कारण दिलेलं नाही. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या पिनने झालाय, आमचा संबंध नाही. कुरिअरवाले म्हणाले, पाठवणाऱ्याचा पत्ता गोपनीय आहे. माझ्या दारात माझ्याकडून १,४९९ रुपये रोख नेणाऱ्याचा पत्ता मलाच सांगायचा नाही! औषधांच्या कार्यालयात गेलो तर डब्याकडे बघून म्हणाले, यावर अन्नाचा नंबर आहे, पलीकडच्या टेबलावर जा. पलीकडचे म्हणाले, जाहिरातीत रोग बरा करायचा दावा आहे म्हणजे हे औषध, परत तिकडेच जा. दोन टेबलांत वीस पावलांचं अंतर. चार खेटे घातले. किटमधली सरबताची सीलबंद बाटली तपासायला घ्या म्हटलं तर ‘नमुना आम्ही स्वतः जप्त केलेला लागतो’. मग करा ना जप्त! ‘कुठून करणार, विक्रेत्याचा पत्ता द्या.’ पत्ता कुरिअरकडे, आणि कुरिअर देत नाही. औषधाबद्दल खोटे दावे करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. पण डब्यावर अन्नाचा नंबर चिकटवला की औषधाचं टेबल हात वर करतं, आणि ही फट ज्यांनी शोधली ते मजेत धंदा करतायत.

तरी तक्रार कराच, पण माझ्यासारखी उशिरा नको. पैसे गेल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या तासा-दोन तासांत केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला, तोवर पैसे पुढे निघून गेले होते. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, म्हणून कुरिअरची पिशवी फाडून फेकू नका, लेबलसकट जपा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, आठवड्याने ते पान नसतं.

आणि जे आधी करायला हवं होतं ते. फोन करायचा नंबर खिशातल्या पाकिटावरच छापलेला होता : १८००-११-२३५६. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्याची हेल्पलाइन, फुकट, मराठीतही बोलतात. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर पाकिटांवर आहे. दिवसाला दहा वेळा ते पाकीट हातात घेतलं आणि फोन मात्र जाहिरातवाल्याला केला.

औषध लागतं तेव्हा ते बहुधा निकोटीनचंच असतं, मोजून आणि कमी करत नेलेलं. मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगगम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर बहुधा ४ चं. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळलं तर फुकट जातं : निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि लोक म्हणतात गमचा उपयोग होत नाही. हळू चावायचं, तिखट झणझणीत लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचं. झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. चहा, कॉफी, लिंबू सरबत आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना नाही, कारण आंबटपणाने निकोटीन गालातून शोषलंच जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. लोक दुसऱ्या आठवड्यातच ‘आता गरज नाही’ म्हणून बंद करतात आणि तिथेच घसरतात. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला निकोटीनचा पॅचही (त्वचेवर चिकटवायची पट्टी) चालतो : २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या सिगारेट सोडायच्या, निकोटीन नसलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही.

तलफ तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा : गार पाणी घोटाघोटाने, लांब श्वास, तोंडात वेलदोडा किंवा बडीशेप, आणि जागा सोडून चालायला लागायचं. टपरीवरचा कटिंग पहिला महिना बंद. चहा तसाही निम्म्यावर आणा. सिगारेटच्या धुराने शरीर कॅफिन लवकर जाळतं. ती बंद झाली की तेवढ्याच चहाने कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट राहतं. छातीत धडधड, झोप उडणं यातलं बरंचसं चहाचं असतं आणि ‘विष सुटतंय’ म्हणून खपवलं जातं.

आणि नवऱ्याच्या चहात ‘न सांगता’ अशी पावडर घालणाऱ्या घरच्यांना हात जोडून सांगतो, घालू नका. त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. त्या माणसाला बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील. आणि ज्याला स्वतःला सोडायची नाही, त्याची सिगारेट चहातून सुटत नाही.

तुमचा नंबर त्यांच्या यादीत राहतो हेही लक्षात ठेवा. परवा पुन्हा फोन आला, या वेळी ‘सायबर रिकव्हरी’वाला. माझा ऑर्डर नंबर त्याला ठाऊक, १६,६४८ हा आकडा ठाऊक. फाइल उघडायची फी १,२०० रुपये. फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि १९३० ला कळवला.